नाना शंकरशेट : मराठीतून शिक्षणासाठी उभा राहिलेला शेठ

मुंबईच्या टाउन हॉलमध्ये नानांचा संगमरवरी पुतळा आहे. परवा तिथे शेजारी उभ्या कॉलेजच्या मुलाने विचारलं, "हे रेल्वेवाले ना?"

हो, रेल्वेवालेच. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, त्या कंपनीचे ते एक संचालक. पण मला त्यांचं शिक्षणातलं काम जास्त मोठं वाटतं.

जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे, जन्म १८०३, मुरबाडचा. दैवज्ञ समाजातलं श्रीमंत व्यापारी घराणं. हिंदू समाजाचे पुढारी म्हणून सरकारदरबारी त्यांचा शब्द चाले.

१८४० च्या दशकात ते सरकारी शिक्षण मंडळावर होते. अध्यक्ष अर्स्किन पेरी यांचा भर इंग्रजीवर होता. नानांचं म्हणणं असं की सर्वसामान्यांपर्यंत विद्या न्यायची तर ती त्यांच्याच भाषेतून. स्वतः इंग्रजी उत्तम जाणणारा माणूस हे बोलत होता! फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा हे सभासदही त्यांच्या बाजूने होते. पारशी, मुसलमान, हिंदू एका बाजूला. हा तपशील मला फार आवडतो.

१८४९ मध्ये मुंबईत मुलींच्या काही शाळा सुरू झाल्या, तेव्हा सनातनी मंडळी खवळली. नाना स्वतः धार्मिक वृत्तीचे, तरीही त्यांनी मुलींच्या शाळेला आपल्या वाड्यात जागा दिली.

दहावीत संस्कृतसाठी मिळणारी 'जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती' त्यांच्याच नावाची. तुमच्या घरात कुणाला मिळाली असेल तर जरूर सांगा. नानांबद्दल काही विचारायचं असेल तर तेही विचारा.