वीस वाटा आणि एक वाट

पुण्यात सदाशिव पेठेतून मंडईत जायला किती वाटा आहेत? पेठेतल्या माणसाला विचारा, तो मोजायचाच नाही. लक्ष्मी रस्ता मिरवणुकीसाठी बंद असो की कुठे खोदकाम असो, एखादा बोळ, एखादी गल्ली धरून तो पोचतोच.

यामागचं गणित थक्क करणारं आहे. चौकाचौकांच्या सरळ जाळ्यात तीन चौक पूर्वेला आणि तीन चौक उत्तरेला जायचं, उलटं फिरायचं नाही, तर वाटा होतात २०. पाच-पाच चौक जायचं असेल तर २५२. आणि दहा-दहा? तब्बल १,८४,७५६!

आता एखादं झाड बघा. एका पानावरून दुसऱ्या पानावर जायला मुंगीला एकच वाट असते, ती फांदीवरून खोडाकडे आणि पुन्हा वर. पुण्याच्या कडेच्या कितीतरी नव्या वस्त्या अशाच झाडासारख्या वाढल्या आहेत. शेताचा एकेक सर्व्हे नंबर विकला गेला, ज्यानं त्यानं आपल्यापुरता रस्ता काढला आणि तो आपल्याच कंपाउंडपाशी संपवला. कालचा बांध आज भिंत झाला. भिंतीपलीकडची शाळा खिडकीतून दिसते, पण तिथे जायला आधी हमरस्ता गाठावा लागतो. सगळ्यांचं खोड तेच, म्हणून कोंडीही तिथेच.

बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल या संशोधकांनी ओपनस्ट्रीटमॅपच्या नकाशांवरून जगभरातल्या रस्त्यांची जोडणी मोजली. १९७५ नंतर जगाच्या मोठ्या भागात नवे रस्ते अधिकाधिक तुटक होत गेलेले त्यांना दिसले. बंद गल्ल्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकेत मात्र १९९० च्या दशकाच्या मध्यापासून नव्या रस्त्यांची जोडणी सुधारू लागली. म्हणजे हे बदलता येतं!

आपल्याकडे त्यासाठीचं साधन जुनंच आहे. मुंबई इलाख्यात १९१५ मध्ये नगररचना कायदा झाला. सगळ्यांची जमीन एकत्र घ्यायची, आधी रस्ते आखायचे आणि मग प्रत्येकाला नीट आकाराचा प्लॉट परत द्यायचा, ही नगररचना योजनेची रीत. मला ती फार शहाणपणाची वाटते. कारण इमारत पन्नास वर्षांत पाडली जाते, पण एकदा पडलेला रस्ता शतकानुशतकं हलत नाही. पेठा बघा, वाडे गेले, बोळ तिथेच आहेत.

२०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली. तुम्ही त्यांपैकी एखाद्या गावात राहत असाल, तर तुमच्या भागाच्या विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या जातील, तेव्हा नकाशा उघडा, तुमच्या दारातला रस्ता पुढे कुठे संपतो ते बघा आणि तो जोडून मागा.