आठवड्याला एक किलो? आधी हिशेब मांडा

डॉ. वॉनलेस यांनी १८९० च्या दशकात मिशनचं रुग्णालय उभारलं, तेव्हापासून मिरज हे दवाखान्यांचं गाव. सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही रुग्ण इथे येतात. गुडघा दाखवायला या, साखर दाखवायला या, सल्ल्यात एक वाक्य हमखास असतं: वजन कमी करा. किती दिवसांत, हे माणूस घरी जाऊन स्वतःच ठरवतो. बहुतेकांच्या मनात आठवड्याला एक किलो असतो.

या आकड्याचा हिशेब मांडून पाहू. शरीरातली एक किलो चरबी उतरायला सुमारे ७,७०० कॅलरींची तूट लागते. लिटरभर गोडेतेलात जवळपास तेवढीच, किंबहुना थोडी जास्तच ऊर्जा असते. म्हणजे आठवड्यात एक किलोसाठी रोज ११०० कॅलरी कमी खायच्या. आता ४५ वर्षांची, १५५ सेंटिमीटर उंचीची, ६८ किलो वजनाची गृहिणी घ्या. १९९० साली मांडलेल्या मिफ्लिन-सेंट जिऑर सूत्रानुसार तिचं शरीर नुसतं पडून राहिलं तरी सुमारे १,२६० कॅलरी खर्च करतं. घरकाम धरून हा आकडा १,७३० च्या आसपास जातो. त्यातून ११०० वजा केल्या की उरतात ६३०. एवढ्यावर कुणी दिवस काढू नये. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय बाईने १,२०० च्या खाली उतरू नये, हा सर्वसाधारण संकेत आहे. उंच, धिप्पाड, कष्टाचं काम करणाऱ्या पुरुषाला कदाचित झेपेल असं लक्ष्य या बाईने घेतलं, तर आठ दिवसांत ती हरणार, आणि दोष स्वतःच्या मनाला देणार. चूक तिची नसते, आकड्याची असते.

तिला रोज ३५० ची तूट पुरे. म्हणजे दिवसाला १,३८० कॅलरी आणि आठवड्याला साधारण ३०० ग्रॅम. तीन कप चहातली दोन-दोन चमचे साखर सुटली की १२०, फोडणीतलं तिच्या वाट्याचं दोन छोटे चमचे तेल गेलं की ९०, आणि संध्याकाळचं मूठ-दोन मूठ भडंग थांबलं की उरलेल्या. भाकरीला हात लावावा लागत नाही.

घाई न करण्याचं आणखी एक कारण आपल्या शरीराच्या घडणीत आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के, याज्ञिकांच्यात २१.२ टक्के! आपल्याकडे सडपातळ दिसणाऱ्या अंगातही चरबी जास्त आणि स्नायू कमी असू शकतात. उपाशी राहून झटपट घटवलेल्या वजनात हे मुळातच थोडे असलेले स्नायूही झडतात. म्हणून ताटात उसळ, डाळ, दही, अंडी हवीत आणि आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंना ताण देणारा व्यायाम हवा. नुसतं चालणं पुरत नाही.

पहिल्या आठवड्यात काटा दीड-दोन किलोंनीही घसरू शकतो. त्यात मोठा वाटा पाण्याचा असतो: साठवलेल्या ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं, ते निघून जातं. पुढे काटा मंदावतो आणि नेमकं तेव्हाच लोक सोडून देतात. रोज सकाळी वजन करून आठवड्याची सरासरी पाहिली तर ही फसगत टळते. कमरेला टेपही लावा. भारतीयांसाठी मर्यादा बाईला ८० आणि पुरुषाला ९० सेंटिमीटर आहे.

वजन उतरलं की शरीराचा खर्चही घटतो, त्यामुळे ३०० ग्रॅमचा वेग कायम राहत नाही. पाच टक्के, म्हणजे या बाईचे साडेतीन किलो, उतरायला तीन-चार महिने धरावेत. तेवढ्यानेही साखर आणि रक्तदाब सुधारू शकतो. तिथे पोचल्यावर नव्या वजनाने सूत्र पुन्हा मांडायचं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी जेवण कमी करण्याआधीच डॉक्टरांना सांगावं, कारण औषधाची मात्रा तीच राहिली तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते.