महाविद्यालयाच्या स्वतःच्या ई-मेल व्यवस्थेसाठी मेल सर्व्हर सॉफ्टवेअरची निवड : एक विवेचन

सारांश :
महाविद्यालयाने स्वतःच्या सर्व्हरवर ई-मेल व्यवस्था चालविण्याचे ठरविल्यास कोणते सॉफ्टवेअर निवडावे, हा प्रश्न केवळ सोयीसुविधांच्या तुलनेने सुटत नाही. प्रस्तुत लेखात सेंडमेल, क्यूमेल, एक्झिम व पोस्टफिक्स या चार मुक्तस्रोत मेल सर्व्हरांची रचना व वाटचाल तपासून निवडीचे निकष मांडले आहेत. सुरक्षित रचना, सॉफ्टवेअरची अखंड देखभाल आणि संस्थेतील प्रशिक्षित मनुष्यबळ या तीन बाबी एकत्र पाहिल्या तरच निवड टिकाऊ ठरते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : मेल सर्व्हर, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर, पोस्टफिक्स, डोमेन, माहिती सुरक्षा.

१. प्रस्तावना
भारतात ई-मेल प्रथम रुजला तो शैक्षणिक व संशोधन संस्थांमध्ये. १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘अर्नेट’ प्रकल्पांतर्गत मुंबईतील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी आणि आयआयटी, मुंबई या दोन संस्थांमध्ये १९८६-८७ च्या सुमारास टेलिफोन लाइनवरून ई-मेलची देवाणघेवाण सुरू झाली. त्या काळी ई-मेल चालविणे म्हणजे तो स्वतःच्या संगणकावर चालविणे होते. पुढे मोठ्या कंपन्यांनी शिक्षणसंस्थांना मोफत सेवा देऊ केली आणि अनेक महाविद्यालयांनी आपला पत्रव्यवहार त्यांच्याकडे सोपविला. २०२१ मध्ये गूगलने शिक्षणसंस्थांसाठीचा अमर्याद साठा बंद करून प्रत्येक संस्थेस एकत्रित १०० टेराबाइटची मूळ मर्यादा जाहीर केली व जुन्या ग्राहकांना ती जुलै २०२२ पासून लागू करण्याचे ठरविले. मोफत सेवेच्या अटी संस्था ठरवीत नाही, हे त्यावेळी अनेकांच्या ध्यानात आले.

प्रवेशासंबंधीची पत्रे, परीक्षा विभागाचा पत्रव्यवहार, संशोधन प्रकल्पांची माहिती हे सर्व आज ई-मेलद्वारे चालते. हा दस्तऐवज कोणाच्या ताब्यात असावा, हा म्हणूनच प्रशासकीय प्रश्नही आहे. स्वतंत्र व्यवस्था उभारण्याचा विचार करणाऱ्या संस्थेपुढे पहिला तांत्रिक प्रश्न येतो तो सॉफ्टवेअरच्या निवडीचा.

२. मेल सर्व्हर : एक नव्हे, अनेक घटक
‘मेल सर्व्हर’ हा शब्द एकवचनी असला तरी ती एकच वस्तू नाही. टपाल खात्याचे उदाहरण घेतल्यास हे स्पष्ट होईल. पत्र स्वीकारणे, त्याची वर्गवारी करून ते पुढच्या गावी पाठविणे हे एक काम. आलेले पत्र पेटीत जपून ठेवणे व मागणीनुसार मालकाला दाखविणे हे दुसरे काम. आणि निरुपयोगी वा घातक पत्रे बाजूला काढणे हे तिसरे.

पहिले काम एसएमटीपी या नियमावलीनुसार चालते. जॉन पोस्टेल यांनी ती ऑगस्ट १९८२ मध्ये प्रसिद्ध केली व तिची सुधारित आवृत्ती २००८ मध्ये आली. सेंडमेल, पोस्टफिक्स इत्यादी सॉफ्टवेअर हे काम करतात. दुसरे काम आयमॅप नियमावलीनुसार चालते. त्यासाठी टिमो सिराइनेन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेले डव्हकॉट हे सॉफ्टवेअर मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. तिसऱ्या कामासाठी स्पॅमअसॅसिन, आरस्पॅमडी यांसारखी सॉफ्टवेअर आहेत. ब्राउझरमधून ई-मेल पाहण्याची सोय करणारा राउंडक्यूबसारखा चौथा घटकही बहुधा लागतो. यांपैकी पहिल्या घटकाची निवड सर्वांत महत्त्वाची, कारण त्याचे दार जगातील कोणत्याही संगणकासाठी उघडे असते.

३. चार सॉफ्टवेअरची वाटचाल
३.१ सेंडमेल : कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील एरिक ऑलमन यांनी हे सॉफ्टवेअर १९८० च्या दशकाच्या प्रारंभी तयार केले. परस्परांशी न जुळणारी अनेक नेटवर्क जोडणे ही त्या काळाची गरज होती व सेंडमेलने ती भागविली. मात्र सर्व कामे एकाच मोठ्या प्रोग्रॅममध्ये आणि तीही सर्वोच्च अधिकाराने चालत. २ नोव्हेंबर १९८८ रोजी पसरलेल्या ‘मॉरिस वर्म’ने आत शिरण्यासाठी वापरलेल्या मार्गांपैकी एक सेंडमेलमधील चाचणीसाठी ठेवलेली सोय हा होता. सेंडमेलमध्ये पुढे बऱ्याच सुधारणा झाल्या. तथापि त्याची क्लिष्ट मांडणी नवीन व्यवस्थापकास आजही अवघड वाटते.

३.२ क्यूमेल : डॅनियल बर्नस्टीन यांनी सेंडमेलला पर्याय म्हणून क्यूमेल लिहिले. काम लहान लहान प्रोग्रॅममध्ये वाटून प्रत्येकास आवश्यक तेवढेच अधिकार द्यावयाचे, हे त्याचे सूत्र. १९९७ मध्ये त्यांनी सुरक्षेतील दोष दाखविणाऱ्यास ५०० डॉलर देण्याची घोषणाही केली होती. प्रत्येक पत्र स्वतंत्र फाइलमध्ये ठेवण्याची ‘मेलडिर’ पद्धत ही त्यांचीच देणगी होय. परंतु १९९८ मधील १.०३ या आवृत्तीनंतर मूळ लेखकाकडून नवी आवृत्ती आली नाही. संकेतबद्ध जोडणी, पाठविणाऱ्याची ओळख तपासणे यांसारख्या आज अपरिहार्य असलेल्या सोयी मूळ क्यूमेलमध्ये नाहीत. त्या इतरांनी केलेल्या जोडण्यांतून मिळवाव्या लागतात. रचना उत्तम असूनही देखभाल थांबली की सॉफ्टवेअर मागे पडते, हा क्यूमेलचा धडा आहे.

३.३ एक्झिम : केंब्रिज विद्यापीठातील फिलिप हेझेल यांनी १९९५ मध्ये एक्झिमची सुरुवात केली. पत्र कोणत्या अटीवर स्वीकारावे, कोठे वळवावे याविषयीचे बारीकसारीक नियम लिहिण्याची मुभा हे त्याचे बलस्थान आहे. मात्र त्याची रचना एकसंध असून काही कामांसाठी त्यास उच्च अधिकार लागतात. जून २०१९ मध्ये उघड झालेल्या एका दोषामुळे परक्या व्यक्तीस दुरूनच सर्व्हरवर आज्ञा चालविणे शक्य होत होते. मे २०२१ मध्ये आणखी २१ दोष एकाच वेळी प्रसिद्ध झाले. ते दुरुस्त झाले. परंतु दुरुस्ती तत्काळ बसविणारी व्यक्ती संस्थेत नसेल तर तिचा उपयोग होत नाही.

३.४ पोस्टफिक्स : आयबीएमच्या वॉटसन संशोधन केंद्रात वित्से वेनेमा यांनी लिहिलेले हे सॉफ्टवेअर डिसेंबर १९९८ मध्ये खुले झाले. येथेही कामाची वाटणी आहे. बाहेरून पत्र घेणारा, रांग सांभाळणारा व पत्र पुढे पाठविणारा असे निरनिराळे प्रोग्रॅम असून बहुतेकांना मर्यादित अधिकार असतात. त्यामुळे एका घटकातील दोषाने संपूर्ण संगणक परक्याच्या हाती जाण्याची शक्यता कमी होते. पोस्टफिक्स निर्दोष आहे असे नव्हे. डिसेंबर २०२३ मध्ये ‘एसएमटीपी स्मगलिंग’ नावाचा दोष उघड झाला, तेव्हा इतर काही सर्व्हरांबरोबर पोस्टफिक्सलाही त्याची बाधा झाली. परंतु काही दिवसांतच सुधारित आवृत्ती उपलब्ध झाली.

४. निवडीचे निकष
उपरोक्त विवेचनावरून पुढील निकष हाती येतात.
(अ) रचना : एका घटकातील दोष इतरत्र पसरणार नाही अशी कामाची वाटणी असावी.
(आ) देखभाल : सॉफ्टवेअरच्या सुधारित आवृत्त्या नियमितपणे येत असाव्यात.
(इ) सुबोधता : मांडणीच्या फाइल व नोंदी दुसऱ्या व्यक्तीस वाचून समजाव्यात. भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांत नोंदी १८० दिवस जपण्याची व सायबर घटना ६ तासांत कळविण्याची अपेक्षा आहे. सुस्पष्ट नोंदींशिवाय हे शक्य नाही.
(ई) स्थलांतर : उद्या व्यवस्था बदलावयाची झाल्यास जुनी पत्रे सहज हलविता यावीत. मेलडिर व आयमॅपमुळे हे सुकर होते.

या निकषांवर पोस्टफिक्स व डव्हकॉट ही जोडी सर्वसाधारण महाविद्यालयास अधिक अनुकूल ठरते. झिंब्रा, मेलकाऊ, आयरेडमेल यांसारख्या तयार संचांतही पत्रवहनाचे काम पोस्टफिक्सच करते. संचामुळे उभारणी सोपी होते, मात्र आतील घटकांची ओळख नसल्यास बिघाड शोधणे कठीण जाते.

५. सॉफ्टवेअरपलीकडील प्रश्न : पत्राची पोच
योग्य सॉफ्टवेअर निवडूनही पत्र पोहोचेलच असे नाही. स्थिर आयपी पत्ता, त्या पत्त्यावरून नाव सांगणारी उलट नोंद, तसेच एसपीएफ, डीकिम व डीमार्क या तीन नोंदी डोमेनमध्ये असणे आज आवश्यक झाले आहे. गूगल व याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठविणाऱ्यांना या तिन्ही नोंदी बंधनकारक केल्या. शिवाय एखाद्या विद्यार्थ्याचा पासवर्ड चोरीस जाऊन त्याच्या खात्यातून जाहिरातींची हजारो पत्रे गेली, तर संपूर्ण महाविद्यालयाचा पत्ता काळ्या यादीत जातो आणि प्राचार्यांचे पत्रही समोरच्याच्या स्पॅममध्ये पडते. म्हणून प्रत्येक खात्यास ताशी मर्यादा घालणे, ही सोय नसून गरज आहे.

याउलट वीज वा इंटरनेट खंडित होण्याची भीती वाटते तेवढी गंभीर नाही. सर्व्हर बंद आढळल्यास पाठविणारा सर्व्हर पत्र रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. हा प्रयत्न किमान ४ ते ५ दिवस चालावा, अशी एसएमटीपी नियमावलीची शिफारस आहे. खरी हानी होते ती साठवणुकीची डिस्क बिघडल्यास. समजा, १५० प्राध्यापक व कर्मचाऱ्यांना प्रत्येकी ५ गिगाबाइट जागा दिली, तर ७५० गिगाबाइट साठा लागेल आणि तेवढीच जागा दुसऱ्या इमारतीतील प्रतीसाठी राखावी लागेल. या दुसऱ्या प्रतीची तरतूद अंदाजपत्रकात नसेल तर पहिलीवर खर्च करू नये.

६. निष्कर्ष
सेंडमेल ते पोस्टफिक्स या प्रवासातून असे दिसून येते की, सॉफ्टवेअरची योग्यता त्याच्या सुविधांपेक्षा दोष उद्भवल्यावर काय घडते यावर ठरते. हेच संस्थेलाही लागू आहे. व्यवस्था उभारणारा एकमेव प्राध्यापक बदली होऊन गेला वा निवृत्त झाला, तर ती चालविणारी दुसरी व्यक्ती आहे काय? या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल तरच महाविद्यालयाने स्वतःचा सर्व्हर चालवावा. उत्तर अंशतः होकारार्थी असल्यास येणारी पत्रे स्वतःकडे साठवून जाणारी पत्रे एखाद्या विश्वासार्ह सेवेमार्फत पाठविण्याचा मध्यम मार्ग पोस्टफिक्समध्ये उपलब्ध आहे. उत्तर नकारार्थी असल्यास सेवा बाहेरून घेण्यात कमीपणा नाही. मात्र डोमेनचे नाव महाविद्यालयाच्याच नावे नोंदलेले असावे आणि पत्रांची प्रत वेळोवेळी स्वतःकडे घ्यावी. पत्ता आपला असेल तर सेवा केव्हाही बदलता येते. पत्ताच परक्याचा असेल तर संस्थेचा पत्रव्यवहार त्याच्या मर्जीवर राहतो.