आठवीच्या पटावरून

मार्च १९७५ मध्ये महाराष्ट्रातील माध्यमिक शाळांतून एकाच वर्षी दोन वर्ग शालान्त परीक्षेला बसले. एक जुन्या अभ्यासक्रमाची अखेरची अकरावी आणि दुसरा नव्या आकृतिबंधाची पहिली दहावी. एकाच घरातील पाठोपाठच्या भावंडांप्रमाणे वाढलेल्या ह्या दोन वर्गांपैकी जुने अकरावीवाले परीक्षेनंतर थेट महाविद्यालयाकडे वळले, तर नव्या दहावीच्या मुलांसाठी कनिष्ठ महाविद्यालये नुकतीच कोठे उघडू लागली होती. २०२५ साली त्या परीक्षेला पन्नास वर्षे पूर्ण झाली. त्या पिढीची मंडळी आज पासष्टी ओलांडून सेवानिवृत्त झालेली, मुलाबाळांच्या जबाबदाऱ्यांतून बव्हंशी मोकळी झालेली आहेत. आणि हेच ते वय, ज्यात शाळूसोबत्यांना पुन्हा एकदा पाहावे ही इच्छा मनुष्याला विशेष उत्कटतेने होते. त्या इच्छेतून भरणाऱ्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांविषयी मला मनापासून आस्था आहे, आणि म्हणूनच त्यांचे निमंत्रण कोणाला जाते, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

बहुतेक ठिकाणी प्रारंभ असा होतो की तालुक्याच्या गावी राहिलेले चार-पाच उत्साही मित्र एकत्र बसतात, आठवतील ती नावे वहीत उतरवतात, व्हॉट्सॲपवर समूह काढतात आणि एकाकडून दुसऱ्याचा क्रमांक मिळवीत यादी वाढवीत नेतात. ही पद्धत सोयीची खरी, परंतु स्मरणशक्तीचा स्वभाव पाहता ती अपुरी आहे. योगायोगाने त्याच १९७५ साली हॅरी बाहरिक ह्या मानसशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील हायस्कुलांच्या ३९२ माजी विद्यार्थ्यांवर केलेले एक संशोधन प्रसिद्ध झाले. अनोळखी चेहऱ्यांत मिसळलेली वर्गबंधूंची छायाचित्रे समोर ठेवली असता, शाळा सोडून सुमारे पस्तीस वर्षे लोटलेल्या माणसांनीही त्यांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास चेहरे अचूक ओळखले. मात्र कोणताही आधार न देता केवळ नावे आठवून सांगा, असे म्हटल्यावर त्यांचे यश पुष्कळच कमी भरले आणि वर्षांगणिक ते घटत गेले. अर्थात जो चेहरा दिसताच आपण ‘अरे, तू!’ म्हणून पुढे धावू, त्याचे नाव यादी करताना आपल्याला सुचेलच असे नाही. आणि न सुचलेले नाव बहुधा मागच्या बाकावरचे, अबोल मुलाचे किंवा मुलीचे असते.

ह्यावर उपाय शाळेच्या दफ्तरातच आहे. प्रत्येक शाळेत विद्यार्थ्यांची एक सर्वसाधारण नोंदवही असते, जिला शाळेतील कारकून ‘जनरल रजिस्टर’ म्हणतात आणि जी कायमस्वरूपी जतन करावयाची असते. दाखल झालेल्या प्रत्येक विद्यार्थ्याचे संपूर्ण नाव, जन्मस्थळ, अंकी व अक्षरी जन्मतारीख, पूर्वीची शाळा, प्रवेशाचा दिनांक, शाळा सोडल्याचा दिनांक, सोडण्याचे कारण आणि शेवटी शेरा, इतका तपशील तीत असतो; शाळा सोडल्याचा दाखला तिच्यावरूनच उतरवून दिला जातो. मुख्याध्यापकांकडे रीतसर अर्ज केल्यास केवळ नावे आणि गावे मिळण्यास सहसा अडचण पडू नये. जात, जन्मतारीख इत्यादी खाजगी तपशील मागू नयेत आणि मिळाले तरी कोठे प्रसृत करू नयेत, एवढे पथ्य मात्र कसोशीने पाळावे.

परंतु नोंदवही उघडताना कोणते वर्ष उघडावे? माझे आग्रहपूर्वक म्हणणे असे की शालान्त परीक्षेचे वर्ष प्रमाण न मानता आठवीचा पट प्रमाण मानावा. १९७५ च्या दहावीचे विद्यार्थी जून १९७२ मध्ये आठवीत बसले, आणि ते वर्ष कोणते होते हे महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात कोणाला सांगावे लागत नाही. पावसाने सलग पाठ फिरविल्यामुळे विहिरी कोरड्या पडल्या, गुरे कवडीमोलाने विकली गेली, आणि मे १९७३ च्या सुमारास राज्यातील दुष्काळी कामांवर राबणाऱ्यांची संख्या ५० लाखांच्या घरात पोहोचली. पाझर तलावांच्या, बंडिंगच्या आणि रस्त्यांच्या कामांवर आईबापांबरोबर खडी फोडावयास गेलेली, मजुरीबरोबर मिळणाऱ्या सुकडी ह्या पूरक आहारावर दिवस काढलेली कितीतरी मुले त्या वर्षी वर्गात दिसेनाशी झाली. वार्षिक १२०० रुपयांहून कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबांना आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीच्या ई.बी.सी. सवलतीमुळे फी माफ होती हे खरे. पण घरात दाणा नसताना फीची माफी मुलाला शाळेत टिकवू शकत नव्हती. सतत गैरहजर राहिल्यावर त्यांची नावे पटावरून कमी झाली. ‘पंचाहत्तरची बॅच’ ह्या नावाने आज जे निमंत्रण निघते, ते ह्या मुलांपर्यंत पोहोचतच नाही, कारण ती बॅच होण्यापूर्वीच ही मुले वर्गातून गेली होती. तीच गोष्ट परीक्षेत अनुत्तीर्ण झालेल्यांची, ज्यांनी पुढे ऑक्टोबरच्या परीक्षेला बसून पाहिले आणि नंतर नाद सोडला. एका बाकावर तीन तीन वर्षे बसलेल्या मित्राला परीक्षेच्या निकालावरून मैत्रीतून वगळणे मला अन्यायाचे वाटते.

मुलींचा शोध ह्याहून बिकट. विवाहानंतर आडनाव बदलते, काही घरांत पाळण्यातले नावही बदलले जाते, आणि नोंदवहीतील कुमारी अमुक अमुक ही आज कोणत्या गावी कोणत्या नावाने नांदते, हे कागदावरून कळण्याचा मार्ग नसतो. तिचा शोध माहेरच्या वाटेने घ्यावा लागतो. भाऊ, भावजय, जुन्या शेजारणी, गावच्या जत्रेला येणारी माणसे ह्यांच्याकडे चौकशी करावी लागते. हे काम वर्गातील स्त्रियांनीच हाती घेतले तर अधिक सुकर होते, कारण फोनवर प्रथमच बोलणाऱ्या पुरुषाविषयी सासरच्या घरात जो संकोच असतो, तो मैत्रिणीविषयी नसतो. शोधल्यानंतरही तिचे नाव यादीत माहेरचे आणि सासरचे असे दोन्ही लिहावे. अन्यथा मेळाव्याच्या दिवशी तिला ओळखणारेच सापडत नाहीत.

मेळाव्याच्या जागेविषयीही स्पष्ट लिहावेसे वाटते. महाबळेश्वरच्या किंवा कोकण किनाऱ्यावरच्या विश्रामस्थळी दोन दिवस राहण्याची कल्पना मोहक असली, तरी तीन-चार हजारांची वर्गणी ऐकताच शेतमजुरी करणारा मित्र ‘घरी अडचण आहे’ एवढेच म्हणून बाजूला होतो, आणि खरे कारण तो कधीच सांगत नाही. मेळावा रविवारी शाळेतच भरवावा, जेवण पंगतीचे ठेवावे, खर्च ऐपतीप्रमाणे उचलावा आणि कोणी किती दिले हे खजिनदाराखेरीज कोणास कळू देऊ नये. परिचयाच्या वेळी हुद्दे व पदे पुढे येऊ लागली की ज्यांच्यापाशी सांगण्यासारखा हुद्दा नाही ती माणसे मिटून जातात; म्हणून जुन्या हजेरी क्रमांकाने उभे राहून आपले गाव, आपला बाक आणि आपल्याला आठवणारा एक शिक्षक, एवढेच सांगण्याची रीत मला फार योग्य वाटते. वर्गाच्या त्या काळातील समूहछायाचित्राची मोठी प्रत भिंतीवर लावावी. चेहऱ्यांची स्मृती किती चिवट असते हे वर आलेच आहे.

हयात असलेल्या गुरुजनांना निमंत्रण द्यावयास प्रत्यक्ष घरी जावे आणि त्यांना आणण्या-नेण्याची जबाबदारी एका विद्यार्थ्याने स्वीकारावी. दिवंगत झालेल्यांची यादी, विद्यार्थी व शिक्षक दोहोंची, आरंभीच वाचली जावी. आणि एवढ्या परिश्रमाने सिद्ध झालेली नावांची व गावांची यादी, ज्यांची त्यास संमती असेल तेवढ्यांपुरती, एका प्रतीत मुख्याध्यापकांच्या स्वाधीन करावी, म्हणजे १९७६ च्या मंडळींना, ज्यांतील काही ह्याच वर्गातून मागे राहून त्यांच्यात गेलेली असतील, आपला शोध तेथून पुढे चालू करता येईल.