परदेशी विद्यार्थ्यास घर भाड्याने देताना

बारामती तालुक्यातील कन्हेरी हे गाव मारुतीच्या देवस्थानामुळे पंचक्रोशीत सर्वांना परिचित आहे. गावापासून बारामती शहर जवळ. त्या शहरात १९७२ साली विद्या प्रतिष्ठानची स्थापना झाली. पुढे महाविद्यालये वाढली, शारदानगर येथील कृषी विज्ञान केंद्राचे कार्य विस्तारले आणि ऊस व भाजीपाला संशोधनात परदेशी संस्थांचा सहभागही सुरू झाला. शिक्षणाचा असा विस्तार होतो तेथे आसपासच्या गावांतील रिकाम्या खोल्यांना मागणी येते. उद्या एखादा परदेशी विद्यार्थी कन्हेरीसारख्या गावी खोलीची चौकशी करू लागल्यास घरमालकाने काय करावे, या प्रश्नाचे उत्तर गावातील जाणत्या मंडळींना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

पुण्याचा अनुभव

पुणे शहराला हा प्रश्न नवा नाही. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज ही संस्था १९६१ साली स्थापन झाली व तिचे कार्य प्रारंभी डेक्कन कॉलेजातून चालत असे. या संस्थेमार्फत मराठी शिकण्यासाठी आलेले विद्यार्थी पुण्यातील मराठी कुटुंबांत राहत आले आहेत. वर्गात शिकलेले व्याकरण घरातील संभाषणाने पक्के होते, हा या व्यवस्थेमागील विचार होय.

परक्या देशातील एकाकीपणाची दुसरी बाजूही पुण्यानेच पाहिली. फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक व वसतिगृहाचे रेक्टर असलेले डॉ. शां. ब. मुजुमदार यांना एक मुलगी खिडकीतून खोलीत जेवण देताना दिसली. आत मॉरिशसचा एक विद्यार्थी काविळीने आजारी होता आणि त्याची देखभाल करणारे येथे कोणी नव्हते. या घटनेने अस्वस्थ होऊन त्यांनी १९७१ साली सिंबायोसिस संस्थेची स्थापना केली. परदेशी विद्यार्थ्याला छपराइतकीच शेजाराची गरज असते, हे यावरून ध्यानी येते.

करार लेखी व नोंदणीकृत असावा

अनेक घरमालक परदेशी विद्यार्थ्यास जागा देण्यास कचरतात. 'पोलिसांचा ससेमिरा नको' असे कारण सहसा दिले जाते. वस्तुतः नियमानुसार कागदपत्रे केली असता भीतीचे कारण उरत नाही.

प्रथम करार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार, हा कायदा लागू असलेल्या क्षेत्रात भाड्याचा अथवा 'लिव्ह अँड लायसन्स'चा करार लेखी असणे व त्याची नोंदणी होणे सक्तीचे असून ही जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदणी नसेल व पुढे वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. शिवाय घरमालकास शिक्षाही होऊ शकते. ज्या गावास हा कायदा लागू नाही, तेथेही नोंदणीकृत करारच हिताचा.

यासाठी येणारा खर्च मोठा नाही. लिव्ह अँड लायसन्स करारावर एकूण भाडे व परत द्यावयाच्या अनामतीवरील दरसाल १० टक्के व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क आकारले जाते. समजा, भाडे दरमहा ५,००० रुपये, मुदत ११ महिने व अनामत २०,००० रुपये आहे. बेरीज सुमारे ५७,००० रुपये होते व या हिशेबाने शुल्क दीडशे रुपयांच्या आत येते. ग्रामीण भागात नोंदणी फी ५०० रुपये आहे. ऑनलाइन नोंदणीत ओळख आधार क्रमांकावरून पटविली जाते. नव्याने आलेल्या परदेशी विद्यार्थ्याकडे आधार नसते. म्हणून दुय्यम निबंधक कार्यालयात अगोदरच चौकशी करावी.

चोवीस तासांची मर्यादा

दुसरी बाब परदेशी नागरिकाच्या निवासाची माहिती कळविण्याची. १९४६ च्या परदेशी नागरिक अधिनियमाखाली ही माहिती 'सी' नमुन्यात दिली जात असे. १ सप्टेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाच्या जागी आप्रवास व परदेशी नागरिक अधिनियम, २०२५ अमलात आला. माहिती देण्याचे बंधन मात्र कायम आहे. परदेशी व्यक्ती राहावयास आल्यापासून २४ तासांच्या आत ही माहिती ऑनलाइन पाठवावी लागते. हे बंधन केवळ हॉटेलांवर आहे, हा गैरसमज होय. खोली भाड्याने देणारा घरमालकही त्यात येतो.

येथे एक घोटाळा नेहमी होतो. १८० दिवसांहून अधिक काळाच्या व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्याला आगमनापासून १४ दिवसांत स्वतःची नोंदणी करावी लागते. आदानप्रदान योजनेतील विद्यार्थी बहुधा एकाच सत्रासाठी येतो. त्याचा व्हिसा अल्प मुदतीचा असल्यास त्याला ही नोंदणी लागत नाही. म्हणून घरमालकही निश्चिंत राहतो. परंतु विद्यार्थ्याची नोंदणी व घरमालकाने द्यावयाची माहिती या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. मुक्काम अल्प असला तरी दुसरी टळत नाही. पारपत्र व व्हिसा यांच्या छायाप्रती, तसेच शिक्षणसंस्थेचे प्रवेशपत्र घरमालकाने जवळ ठेवावे. मूळ पारपत्र मात्र अडकवून ठेवू नये.

मोकळेपणाने बोलावे

पाणी किती वेळ येते, वीजबिल कोणी भरावयाचे, घरात मांसाहार चालतो की नाही, रात्री दार केव्हा बंद होते, या गोष्टी आरंभीच सांगाव्यात व शक्य त्या करारात लिहाव्यात. आपल्याला उघड वाटणारी रीत पाहुण्याला ठाऊक नसते. आजारपणात कोणास कळवावयाचे, तो दूरध्वनी क्रमांकही लिहून घ्यावा. विद्यार्थ्याचा वर्ण किंवा चेहरेपट्टी पाहून खोली नाकारणे, अथवा परका म्हणून दुप्पट भाडे सांगणे, गावाच्या लौकिकाला शोभणारे नाही.

ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामस्तरावरील कर्मचारी यांना या कामी पुष्कळ करता येईल. नियमांचा तक्ता पंचायतीच्या फलकावर लावावा. अर्ज ऑनलाइन भरण्यास घरमालकाला साहाय्य करावे आणि शंका आल्यास तालुका पोलीस ठाण्याशी संपर्क साधून द्यावा. महाराष्ट्राच्या खेड्यांतील मुले आज परदेशी शिकावयास जातात, तेव्हा तेथेही कोणी अनोळखी घरमालक त्यांच्या हाती किल्ली देत असतो. तोच विश्वास नियमांच्या चौकटीत राहून आपल्या गावी दाखविणे सर्वस्वी आपल्या हाती आहे.