बुद्ध्यंकाचा आकडा कसा वाचावा?

"पोरगा हुशार आहे" असे पूर्वी गुरुजी सांगत. आता ते छापील अहवाल सांगतो. गोंदिया जिल्ह्यातील काही पालक नागपूरला जाऊन मुलांची बुद्धिमापन चाचणी करून आणतात. मी मानसशास्त्र शिकवीत असल्यामुळे असे अहवाल माझ्यापुढे येतात आणि प्रश्न बहुधा एकच असतो : "सर, आकडा चांगला आहे ना?" प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु त्या एकट्या आकड्यापेक्षा अहवालाची आतली पाने कितीतरी अधिक सांगतात, आणि ती वाचायची कशी हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम आकड्याचा जन्म पाहू. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमाँ यांनी बुद्धिमापनाची चाचणी तयार केली. शाळेत मागे पडणारी मुले ओळखून त्यांना मदत देता यावी, हा तिचा उद्देश होता. १९१२ मध्ये विल्यम स्टर्न याने मानसिक वयाला जन्मवयाने भागण्याची रीत सुचविली. पुढे त्या भागाकाराला शंभराने गुणू लागले. पाच वर्षांचे मूल सात वर्षांच्या मुलासारखी उत्तरे देत असेल, तर त्याचा बुद्ध्यंक १४०. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिनेच्या कसोटीचे मराठी व कानडी मुलांसाठी रूपांतर केले. त्यावरील त्यांचा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला.

आजच्या बहुतेक चाचण्यांत हा भागाकार राहिलेला नाही. समवयस्क मुलांची सरासरी १०० धरतात आणि आपले मूल तिच्यापासून किती दूर आहे ते पाहतात. शंभरांपैकी सुमारे ६८ मुले ८५ ते ११५ या पट्ट्यात येतात. १३० च्या वर जेमतेम दोन. म्हणजे हा आकडा रांगेतील जागा दाखवितो. धानाची खंडी मोजावी तशी बुद्धी त्याने मोजली जात नाही; १३० चे मूल १०० च्या मुलापेक्षा तीस टक्के अधिक बुद्धिमान, असा अर्थ काढणे चूक होय.

शिवाय प्रत्येक मापनात थोडी चूक गृहीत धरलेली असते. १२८ हा आकडा म्हणजे साधारण १२३ ते १३३ मधील कोठेतरी, असे समजावे. मूल लहान असेल, विशेषतः सहा वर्षांच्या आतले, तर निकाल अधिकच अस्थिर असतो. फार उंच आलेला पहिला आकडा पुढच्या चाचणीत थोडा खाली येणे नेहमीचे आहे. त्यात मुलाची अधोगती नसते. जुनी प्रमाणके वापरली असतील, तर उलट फुगवटा येतो. पिढ्यान्‌पिढ्या मुले चाचण्यांत अधिक गुण मिळवीत गेली, हे जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले आहे.

आता आपल्या भागाशी जवळचे नाते असलेली चाचणी घेऊ. नागपूरला काम करणारे डॉ. आर्थर मालिन यांनी डेव्हिड वेक्स्लर यांच्या १९४९ च्या चाचणीचे भारतीय मुलांसाठी रूपांतर केले. १९६९ मध्ये त्याची पुस्तिका निघाली. तिच्यात अकरा उपचाचण्या आहेत. सामान्यज्ञान, आकलन, अंकगणित, साम्य, शब्दसंग्रह व अंकस्मरण या सहा शाब्दिक. चित्रपूर्ती, ठोकळ्यांची रचना, वस्तुजुळणी, संकेतलेखन व चक्रव्यूह या पाच कृतिप्रधान. शाब्दिक आणि कृतिप्रधान असे दोन बुद्ध्यंक निघतात आणि त्यांची सरासरी म्हणजे एकूण बुद्ध्यंक.

सरासरीत बरेच काही बुडते. समजा, सालेकसा किंवा देवरीकडील आठ वर्षांची एक मुलगी आहे. शाब्दिक १०८, कृतिप्रधान १३४, एकूण १२१. प्रतिभावान मुलांसाठी जेथे १३० ची रेघ ओढलेली असेल, तेथे ती बाहेर राहील. पण घरी ती झाडीबोली, पोवारी किंवा गोंडी बोलते. तिला 'बांधी' ठाऊक आहे. 'भातखाचर' हा शब्द तिने ऐकलेला नाही. तिचे १०८ हे बऱ्याच अंशी पुस्तकी मराठीशी झालेल्या ओळखीचे माप आहे. ठोकळे मात्र भाषा विचारीत नाहीत, आणि तेथे ती शंभरात पहिल्या दोघींत बसते. अशा मुलीला "बरी आहे" म्हणून सोडून देणे हा तिच्यावर अन्याय होईल.

याच्या उलटही घडते. शब्दसंग्रह फार उंच आणि संकेतलेखन जेमतेम सरासरी. अशा मुलाचे डोके पुढे धावते आणि हात मागे राहतो. वर्गात त्याला आळशी म्हणतात. वास्तविक त्याला लिहिण्यास थोडा अधिक वेळ हवा असतो.

रेघेबाहेर राहिलेल्यांचे काय होते? अमेरिकेत ल्युइस टर्मन यांनी १९२१ मध्ये उच्च बुद्ध्यंकाच्या मुलांचा प्रदीर्घ अभ्यास आरंभला. विल्यम शॉक्ली व लुई अल्वारेझ ही दोन मुले तपासली गेली, पण निवडीत बसली नाहीत. पुढे दोघांनाही भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले : १९५६ आणि १९६८ मध्ये.

म्हणून अहवाल हाती आल्यावर पालकांनी परीक्षकांना चार गोष्टी विचाराव्यात. चाचणी कोणती व तिची प्रमाणके कोणत्या काळातील? ती कोणत्या भाषेत घेतली? उपचाचण्यांचे वेगवेगळे गुण काय? मूल त्या दिवशी थकलेले, भ्यालेले वा आजारी होते काय? नंतर एकच निर्णय घ्यावा : या मुलाला आता काय द्यावयाचे? कोणाला कठीण कोडी, कोणाला गोष्टींची पुस्तके, कोणाला प्रश्नांची उत्तरे देणारा धीराचा माणूस. आकडा मात्र मुलाच्या कानी घालू नये आणि पाहुण्यांपुढे तर मुळीच नाही. मोठा आकडा ऐकलेले मूल चुकण्यास भिऊ लागते, लहान आकडा ऐकलेले मूल प्रयत्न सोडते.

बिने यांना मदतीसाठी हवे असलेले हे साधन आहे. मुलाला त्याने काही मदत मिळाली, तरच चाचणीचा खर्च कारणी लागला म्हणावयाचे.