घरात इंटरनेट आहे, पण एकासाठी नाही

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे 2022 मध्ये रोज सायंकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला, ही बातमी आपण वाचली असेल. भोंगा झाला की घरोघरी दूरदर्शन संच आणि मोबाइल बंद, मुले अभ्यासाला. आपल्या धाराशिव जिल्ह्यातील जकेकूरवाडीनेही हाच मार्ग धरला. त्या प्रयोगाचे कौतुक झाले व ते योग्यच होते. मात्र त्यात एक सोय होती. दीड तासाने दुसरा भोंगा वाजे आणि मोबाइल पुन्हा हाती येई.

ज्या बंदीला दुसरा भोंगा नसतो, तिच्याविषयी आपण फारसे बोलत नाही. समजा, आपण सास्तूरला राहता. समाजमाध्यमावरील एखाद्या मजकुरावरून आपल्या घरातील तरुणावर गुन्हा दाखल झाला, त्याला अटक झाली आणि काही दिवसांनी जामीन मिळाला. मुलगा घरी आल्याच्या आनंदात जामिनाच्या आदेशातील एक अट कोणी नीट वाचत नाही: खटला संपेपर्यंत इंटरनेट वापरू नये. ‘एवढेच ना!’ असे आपण म्हणता. तिसऱ्या दिवशी पीकपाहणीची नोंद करायची असते, बँकेचा सांकेतिक क्रमांक भ्रमणध्वनीवर यायचा असतो, आणि शेतातला हिशेब ज्याच्या हाती होता त्याच्याच हातात आता साधा बटणांचा फोन असतो.

अशा अटी केवळ कल्पनेतल्या नाहीत. महाराष्ट्रातील सर्वांत ठळक उदाहरण नवी मुंबईचे आहे. एल्गार परिषद प्रकरणातील आरोपी, ज्येष्ठ पत्रकार गौतम नवलखा तळोजा कारागृहात होते. त्यांची प्रकृती लक्षात घेऊन सर्वोच्च न्यायालयाने 10 नोव्हेंबर 2022 रोजी त्यांना घरी नजरकैदेत ठेवण्याची परवानगी दिली. त्या खटल्याच्या गुणदोषांत शिरण्याचे येथे कारण नाही. आदेशातील अटी मात्र कुटुंब म्हणून वाचण्यासारख्या आहेत. इंटरनेट नाही, संगणक नाही, स्वतःचा मोबाइल नाही. पोलिसांनी दिलेल्या, इंटरनेट नसलेल्या फोनवरून दिवसाला एकदा दहा मिनिटे, तेही पोलिसांसमक्ष, बोलता येईल. वर्तमानपत्र आणि दूरदर्शनला मुभा. सोबत राहणाऱ्या त्यांच्या जोडीदाराचा मोबाइलही इंटरनेटविना असला पाहिजे, आणि त्यावरील संदेश पुसायचे नाहीत. आरंभी महिन्यापुरती असलेली ही व्यवस्था वाढत वाढत सुमारे दीड वर्ष चालली. मे 2024 मध्ये त्यांची जामिनावर सुटका झाली.

जोडीदाराच्या फोनविषयीची ती अट मला सर्वांत बोलकी वाटते. आदेशावर नाव एकाचे असते, पण बंदी घरभर पसरते. प्रत्येक घरात ती इतक्या स्पष्ट शब्दांत येणार नाही. तरी ती येतेच. सून दबक्या आवाजात म्हणते, “अहो, माझ्या मोबाइलवर बघा ना दोनच मिनिटं. कोणाला कळणार आहे?” या वाक्यात माया आहे, हे नाकारता येणार नाही. परंतु अट मोडल्याचे सिद्ध झाले तर जामीन रद्द होऊ शकतो, आणि मग ती दोन मिनिटे फार महागात पडतात. म्हणून पहिले काम हे की आदेशाची प्रत वकिलांकडून मागून घ्यावी व कुटुंबासमोर शब्दशः वाचावी. समाजमाध्यमांना मनाई आणि संपूर्ण इंटरनेटला मनाई यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. शंका राहिली तर ती शेजाऱ्यांना न विचारता वकिलांनाच विचारावी.

आता प्रकृतीविषयी. अचानक इंटरनेट सुटलेल्या माणसाचा हात पहिले काही दिवस नकळत खिशाकडे जातो. झोप उडते, चिडचिड होते, जेवणात लक्ष राहत नाही. हे बहुधा ओसरते. ओसरत नाही तो एकटेपणा. मित्रांच्या गटात आपल्याविषयी काय बोलले जात असेल, हा विचार रात्री छळतो. त्यात अटकेची लाज मिसळलेली असते. अशा वेळी ‘बरं झालं, मोबाइल सुटला’ असे घरातल्यांनी म्हणू नये. स्वखुशीने सोडणे आणि हिरावून घेतले जाणे यांचा मनावरील परिणाम सारखा नसतो. मित्रांना घरी बोलवावे. वर्तमानपत्र सुरू करावे. रानात, बाजारात सोबत न्यावे. पण गप्प बसायचे असेल तर बसू द्यावे.

येथे घरातील वडीलधारी माणसे मोठा आधार ठरतात. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपाने सास्तूर उद्ध्वस्त केले, तेव्हा भारतात सामान्य नागरिकांसाठी इंटरनेट सुरूही झाले नव्हते; ते 15 ऑगस्ट 1995 रोजी आले. गाव पुन्हा उभे राहिले ते कागद, पत्रे, निरोप आणि प्रत्यक्ष भेटींवर. ज्या आजीने तो काळ काढला, तिला निरोप कसा पाठवायचा आणि वाट कशी पाहायची हे नातवापेक्षा अधिक ठाऊक असते.

व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. स्पर्श ग्रामीण रुग्णालयात किंवा अन्यत्र उपचार चालू असतील तर केसपेपर, तपासण्यांचे अहवाल आणि औषधांची चिठ्ठी कागदावरच मागावी. बँकेचे पासबुक भरून घ्यावे. साध्या फोनवरून *99# द्वारे इंटरनेटविना बँक व्यवहार करता येतात, मात्र आपल्या आदेशात ते बसते का हे आधी विचारावे. फोनवर बोलण्यास मनाई नसेल तर मनाच्या त्रासासाठी टेलीमानसचा 14416 हा क्रमांक साध्या फोनवरूनही लागतो आणि तेथे मराठीत बोलता येते. जगणे नकोसे झाल्याचे शब्द कोणाच्या तोंडी आले तर मात्र फोनवर न थांबता त्याला डॉक्टरांकडे न्यावे, आणि तोवर एकटे सोडू नये.

आणि एक गोष्ट, जी बहुतेक कुटुंबांना ठाऊक नसते: अट बदलून मागता येते. शिक्षण, रोजगार किंवा उपचार यांसाठी इंटरनेट अपरिहार्य असेल, तर त्याचे पुरावे जोडून अट शिथिल करण्याचा अर्ज न्यायालयात करता येतो. मागणी नेमकी असावी. ‘इंटरनेट द्या’ याऐवजी ‘परीक्षेचा अर्ज भरण्यासाठी अमुक दिवशी’ असे म्हणावे. न्यायालयेही या प्रश्नाकडे एकाच नजरेने पाहत नाहीत. केरळ उच्च न्यायालयाने 2019 मध्ये, वसतिगृहात सायंकाळी मोबाइल बंदीला विरोध करणाऱ्या विद्यार्थिनीच्या प्रकरणात, इंटरनेटची उपलब्धता हा शिक्षणाच्या व खासगीपणाच्या अधिकाराचा भाग मानला. जुलै 2022 मध्ये मोहम्मद झुबेर या पत्रकाराला अंतरिम जामीन देताना ‘ट्वीट करू नये’ अशी अट घालण्यास सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. हे वकिलाला युक्तिवाद करू नको म्हणण्यासारखे होईल, असा त्याचा आशय होता. दुसरीकडे नवी मुंबईतील अटी त्याच सर्वोच्च न्यायालयाने, त्याच वर्षी घातल्या. प्रकरणागणिक निर्णय बदलतो, म्हणूनच अर्जात आपली परिस्थिती सविस्तर मांडणे महत्त्वाचे.

वकिलांचा खर्च परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, कोठडीत असलेल्या व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेहून कमी उत्पन्न असलेले नागरिक यांना मोफत साहाय्य मिळते. त्यासाठीचा क्रमांक 15100. तो आणि 14416 हे दोन्ही आजच एका कागदावर लिहून भिंतीवर लावा; मोबाइलमध्ये साठवू नका.